पाण्याचा काटा कोणाच्या हाती?

(झरी जामणी येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



बैठकीच्या पत्रकावर कापसाचा भाव, पीकविमा आणि विजेची बिलं असे तीनच विषय छापले आहेत. ते होतील, जेवणाआधी होतील. पण सुरुवातीचा अर्धा तास आम्ही पाण्यासाठी मागून घेतला आहे. ओलिताच्या पाण्यासाठी नाही, ते आपल्याकडे आहेच कुठं! पिण्याच्या पाण्यासाठी.

एक कबुली आधी देऊन टाकतो. वीसेक वर्षांपूर्वी याच तालुक्यातल्या एका कोलाम पोडावर हापशी व्हावी म्हणून आम्ही मंडळी बैलगाड्या घेऊन कचेरीवर गेलो होतो. पोडावरच्या बाया नाल्यात झिरा खणून वाटीवाटीनं पाणी भरत होत्या. हापशी मिळाली. नारळ फोडला, दांड्याला हार घातला, भाषणं झाली. त्यातलं एक आमचंच होतं. दहा वर्षांनी त्याच पोडावर गेलो तेव्हा शाळेतली पोरं हसताना तोंडावर हात धरत होती. दातांवर पिवळे, तपकिरी पट्टे. आम्हाला वाटलं, खर्रा. गुरुजींना तसं सांगूनही मोकळे झालो. मग पाहिलं की आठ-आठ वर्षांच्या पोरींच्याही दातांवर तेच पट्टे आहेत, आणि झिऱ्याचं पाणी पिऊन मोठ्या झालेल्या त्यांच्या आयांचे दात मात्र पांढरे आहेत. माती परीक्षणाचा नमुना कसा घ्यायचा हे आम्हाला कॉलेजात पाठ करून घेतलं होतं. हार घालण्याआधी बाटलीभर पाणी तपासून घ्यावं, हे एवढ्या शिकलेल्या माणसांना सुचलं नाही.

हापशीला शिव्या देण्यासाठी हे सांगत नाही. उघड्या विहिरींच्या पाण्यानं नारू होत होता, हगवणीनं लेकरं जात होती. २००० साली देश नारूमुक्त ठरला त्यात हापशीचा वाटा मोठा आहे. पण जमिनीत खोल गेलो की पाणी खडकाशी वर्षानुवर्षं अंग घासून आलेलं असतं. आपल्या भागात एकीकडे दख्खनचा काळा पाषाण, दुसरीकडे पैनगंगेच्या काठचा चुनखडक आणि त्याखाली जुना ग्रॅनाइट. काही खडकांतल्या खनिजांत फ्लोरिन असतं, ते फ्लोराईड होऊन पाण्यात उतरतं. पांढरकवडा भागातल्या भूजलातल्या फ्लोराईडवर २००७ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात शास्त्रज्ञांनी सविस्तर लेख लिहिला. म्हणजे ही माहिती छापून आली त्यालाही बरीच वर्षं झाली. ती इंग्रजीत छापली, पोडावर पोचली नाही.

फ्लोराईड काय करतं? लहानपणी दात बनत असताना पोटात जास्त गेलं तर दात बिघडतात, आणि ते पुन्हा सुधारत नाहीत. मोठेपणी दातांना काही होत नाही, पण ते हाडांत साठत जातं. मान वळत नाही, कंबर वाकत नाही, खाली बसलं की उठवत नाही. चाळिशीतली माणसं काठी घेऊन चालतात आणि आपण म्हणतो, वाताचा त्रास आहे. सरकारी मानकाप्रमाणे एका लिटरात १ मिलिग्रॅमच्या आत फ्लोराईड असावं, दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावं. हजार लिटरच्या टाकीत एक ग्रॅम, म्हणजे चिमूटभर. दिसणार कसं?

दिसत नाहीच. त्याला रंग नाही, वास नाही, या प्रमाणात चवही नाही. उकळल्यानं जात नाही. उलट पाणी आटलं की उरलेल्या पाण्यात प्रमाण वाढतं. मायबहिणींची पाणी पारखायची रीत आपल्याला ठाऊक आहे. आम्हाला एका माउलीनं सांगितलं, "आमच्या बोरचं पाणी तं लय गोड हाये जी, दाय लवकर शिजते." साबणाला फेस येतो, डाळ शिजते, ते पाणी चांगलं. रीत खोटी नाही, तिनं जड पाणी ओळखता येतं. पण फ्लोराईडच्या बाबतीत ती पुष्कळदा उलटी पडते. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं की ते फ्लोराईडला धरून खाली बसवतं. ज्या पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडा जास्त, त्यात फ्लोराईड मोकळं फिरतं. म्हणजे जे पाणी आपण गोड म्हणून लांबून आणतो, त्याच्यावरच संशय आधी घ्यायला हवा.

आता एक जुनी गोष्ट आठवा. १९७२ साली राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. केंद्रावर गाडी लागली की ग्रेडर येऊन मूठभर कापूस बोटांत चोळायचा आणि प्रत सांगायचा. आपला वर्षाचा घाम त्याच्या दोन बोटांत. आपल्याकडे ना धाग्याची लांबी मोजायचं साधन, ना ओलावा मोजायचं. भाव नंतर पडतो, आधी आपण पडतो ते मापात. पाण्याचंही तेच आहे. पाण्याचं माप आजवर दुसऱ्याच्या हातात राहिलं. कोणी तरी येतो, बाटली भरून नेतो, कागद कुठं तरी जमा होतो. पुढच्या वर्षी हापशीवर लाल रंगाची फुली येते. त्या फुलीसोबत दुसरं पाणी येत नाही, म्हणून पावसाळ्यात रंग धुऊन गेला की सगळे पुन्हा तिथंच भरतात. नाही तरी करतील काय?

म्हणून आज आम्ही मापाच्या साधनांबद्दल बोलणार आहोत. त्यात एक नवी गोष्ट आहे, चमकणारी प्लॅस्टिकं. जादू विकायला आलो नाही, तेव्हा शेवटपर्यंत ऐका.

आधी जुनी साधनं. कापड लाल रंगवायला पूर्वी मंजिष्ठेच्या जातीच्या मुळ्या वापरत. त्या कुळातला ॲलिझरिन नावाचा रंग झिर्कोनियम या धातूशी जोडला की गुलाबी-लाल होतो. त्यात फ्लोराईडचं पाणी टाकलं की फ्लोराईड झिर्कोनियमला रंगापासून ओढून घेतो आणि नळी पिवळी पडते. गावोगाव वाटल्या जाणाऱ्या किटमध्ये याच तत्त्वाचा दुसरा रंग असतो. गुलाबी राहिलं तर ठीक, पिवळं झालं तर धोका. प्रयोगशाळेत यापेक्षा खात्रीचं यंत्र आहे, १९६६ साली निघालेला लँथॅनम फ्लोराईडच्या स्फटिकाचा इलेक्ट्रोड. तो आकडा देतो, पण त्याला वीज, द्रावणं आणि शिकलेला माणूस लागतो.

आता चमक. टिनोपाल घातलेलं धोतर उन्हात का झळाळतं? उन्हातला डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश ते पितं आणि निळसर उजेड बाहेर टाकतं. नोट खरी की खोटी पाहायला व्यापारी जांभळा दिवा लावतो, तिथंही हेच. शास्त्रज्ञ स्टोक्स यांनी १८५२ साली या प्रकाराला फ्लुओरेसन्स हे नाव दिलं ते फ्लुओरस्पार या खनिजावरून, आणि गंमत अशी की फ्लोरिनचं नावही त्याच खनिजावरून. पण फ्लोराईडचं पाणी दिव्याखाली चमकत नाही. नावं सख्खी, गुण वेगळे. चमकणारा पदार्थ दुसरा असतो, फ्लोराईड त्याची चमक बदलतो.

आणि पॉलिमर म्हणजे साखळी. आपला कापूस हा पॉलिमरच आहे, साखरेच्या एका जातीच्या हजारो कड्या एकात एक. फक्त त्याच्यातून वीज वाहत नाही. १९७७ साली शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी दाखवलं की विशिष्ट घडणीच्या साखळ्यांतून वीज वाहू शकते. त्यांना २००० सालचं नोबेल मिळालं. याच घडणीच्या काही साखळ्या अतिनील दिव्याखाली झळाळतात, आणि त्या उजेडाची ऊर्जा साखळीच्या या टोकापासून त्या टोकाकडे धावते.

याचा उपयोग काय? समजा, हजार घरांत हजार वेगवेगळ्या चिमण्या आहेत. त्यातल्या दोन विझल्या, तर लांबून गाव तसंच दिसेल. पण एकाच फिडरवर हजार घरं असतील आणि एका खांबावर तार चिकटली, तर सगळं गाव अंधारात जातं. हे आपल्याला कोणी शिकवायला नको! चमकणारी साखळी म्हणजे तो फिडर. पाण्यातला एक कण साखळीवर कुठंही चिकटला की बऱ्याच मोठ्या भागाची चमक विझते. थोडा कण, मोठा परिणाम.

अमेरिकेत टिमोथी स्वॅगर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९९५ साली हे करून दाखवलं. साखळी नसलेल्या रेणूपेक्षा साखळीची जाण ६५ पट वाढली. आणि साखळीवर चिकटवायला त्यांनी कोणता पदार्थ घेतला होता? पॅराक्वाट. हो, तणाच्या फवाऱ्यातलं पॅराक्वाट. या सभेतल्या अनेकांनी ते पाठीवर वाहिलं आहे. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, औषधं वेगवेगळी होती. म्हणून आम्हाला हे वाचताना ठेच लागली. विष ओळखणारा उजेड जगात आहे, फक्त तो विष वापरणाऱ्यापर्यंत आलेला नाही. पुढे हे तंत्र पहिलं कशाला लावलं? जमिनीतले सुरुंग आणि स्फोटकं हुंगायला. पैसा लष्कराचा होता. ज्याची गरज पैसेवाली, त्याची गरज आधी भागते. कपाशीच्या बाजारात तरी वेगळं काय होतं?

धातूंवरही ही युक्ती चालते. बोर्डो मिश्रणातलं तांबं पाण्यात उतरलं तर अशा बऱ्याच साखळ्यांची चमक मारतं. साखळीवर पकडीची जागा योग्य घडवली तर पारा, शिसं यांनाही पकडता येतं. धातू हे धन आयन. फ्लोराईड, नायट्रेट, फॉस्फेट हे ऋण आयन, आणि ते पकडणं जास्त कठीण.

फ्लोराईडसाठी किम आणि स्वॅगर यांनी २००३ साली एक खास साखळी केली. तिच्यात सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा एक बंध ठेवला होता. फ्लोराईडला सिलिकॉनची फार ओढ, तो बंध फ्लोराईड तोडतो. बंध तुटला की साखळीत नव्या रंगाचा दिवा तयार होतो आणि आजूबाजूची ऊर्जा त्याच्याकडे वाहते. विझत नाही, रंग बदलतो. डोळ्यानं ओळखायला हे सोयीचं.

मग आजच आपल्या हापशीवर का नाही? कारण तो प्रयोग पाण्यात झालेला नव्हता, दुसऱ्या सेंद्रिय द्रवात झालेला होता. पाण्यात फ्लोराईडच्या भोवती पाण्याचे रेणू घट्ट चिकटून बसतात, एकत्र कुटुंबातल्या नव्या सुनेसारखे त्याला मोकळं बोलू देत नाहीत. त्यातून आपल्या बोरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरलेलं, कुठं फॉस्फेट, कुठं खताचं नायट्रेट. त्यानंतर पाण्यात चालतील अशा फिल्म आणि कागदी पट्ट्या करायचे प्रयत्न जगभर झाले, आपल्या देशातही होत आहेत. पण आमचं एक गाऱ्हाणं आहे. कोणाची साखळी किती कमीत कमी फ्लोराईड ओळखते, यावर लेखांत चढाओढ चालते. आपल्याला कमीत कमी नको आहे. लिटरला १ मिलिग्रॅम हे रसायनशास्त्राच्या हिशेबानं काही फार बारीक माप नाही. आपल्याला हवी ती साधी गोष्ट: १.५ च्या खाली की वर, एवढंच सांगणारी पट्टी. पण ती आपल्या खारट, सोड्याच्या पाण्यात, मे महिन्यातल्या ४५ अंशांत सहा महिने खोक्यात पडून राहिल्यावरही खरं बोलली पाहिजे. प्रयोगशाळेतल्या शुद्ध पाण्यात खरं बोलणं सोपं आहे.

कोणी म्हणेल, फिल्टर बसवा, मोजायची भानगड कशाला? मोजल्याशिवाय फिल्टरही चालत नाही. नागपूरच्या नीरी या संस्थेनं सत्तरच्या दशकात नलगोंडा पद्धत काढली. तुरटी आणि चुना ठरावीक प्रमाणात घालून ढवळायचं, गाळ बसू द्यायचा, वरचं पाणी घ्यायचं. पद्धत स्वस्त आणि चांगली. पण तुरटी किती घालायची हे पाण्यात फ्लोराईड किती आणि क्षार किती यावर ठरतं. कमी घातली तर फ्लोराईड राहतं, हिशेब चुकला तर ॲल्युमिनियम पाण्यात मागे राहतो. ॲल्युमिनियम पाहायला पुन्हा उजेडच उपयोगी पडतो. फणसाच्या लाकडात मोरिन नावाचं पिवळं द्रव्य असतं. ते ॲल्युमिनियमशी जुळलं की अतिनील दिव्याखाली हिरवं चमकतं, आणि फ्लोराईड आलं की ती चमक उतरते. हे रसायनशास्त्राला एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे. आणि लक्षात ठेवा, तुरटीच्या पाण्यावर किटची नळी फसते, ॲल्युमिनियम फ्लोराईडला लपवतो आणि आकडा कमी दिसतो.

दुसरा प्रकार ॲल्युमिना भरलेल्या फिल्टरचा. त्याचं पोट भरलं की तो फ्लोराईड धरायचं सोडतो. पाणी मात्र तसंच स्वच्छ दिसतं. फिल्टर मेलेला आहे हे घरात कोणाला कळत नाही, त्याच्याच भरवशावर लेकराला पाणी पाजलं जातं. चमकणारी पट्टी आली तर तिचा खरा उपयोग इथं आहे.

बाजारात यंत्रवाले फिरतात, त्यांच्याबद्दल चार शब्द. खिशातली पेनासारखी टीडीएसची कांडी पाण्यात बुडवून आकडा दाखवतात. ती कांडी पाण्यातून वीज किती वाहते ते पाहून एकूण क्षारांचा अंदाज सांगते. फ्लोराईड वेगळं ओळखणं तिच्या बापाला जमणार नाही. लोखंडाचे गज पाण्यात सोडून वीज लावतात आणि पाणी तांबडं झालं की म्हणतात, बघा विष! ते त्या गजाचंच लोखंड असतं. असा माणूस दारात आला तर त्याला फ्लोराईडचा आकडा विचारा.

ज्वारीबद्दलही बोललं पाहिजे, कारण उद्या हा मुद्दा आपल्यावरच उलटवला जाईल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी सत्तरच्या दशकात नलगोंडा भागात पाहिलं की फ्लोराईडचं पाणी पिणाऱ्या काही तरुणांचे गुडघे आत वळतात. पुढे असंही आढळलं की त्याच पाण्यावर भात खाणाऱ्यापेक्षा ज्वारी खाणाऱ्याच्या अंगात फ्लोराईड जास्त टिकतं. कोणी म्हणेल, मग ज्वारी सोडा. ज्वारीत दोष नाही, दोष पाण्यात आहे. आमचं म्हणणं उलटं: ज्या मुलखात भाकर खाल्ली जाते आणि वेचणीला, निंदणाला गेलेली बाई उन्हात दिवसाला पाच-सहा लिटर पाणी पिते, तिथं १.५ ची सूट देऊच नये. तिथं मर्यादा १ च हवी. मानकातली सूट सावलीत बसून भात खाणाऱ्यासाठी ठीक असेल. घरी करण्यासारखं इतकंच: फ्लोराईड असलेल्या पाण्याचा कोरा काळा चहा कमी करा, कारण चहाच्या पत्तीतही फ्लोराईड असतं, आणि लेकरांच्या पोटात दूध, पालेभाजी, आवळा, चिंच जितकं जाईल तितकं जाऊ द्या. गावात उथळ विहीर असेल आणि तिचं पाणी तपासून ठीक निघालं, तर पिण्या-रांधण्यापुरतं तिथलं घ्या आणि त्यात क्लोरीन टाका. हापशी धुण्या-भांड्याला राहू द्या.

सरकारनं २०१९ साली जलजीवन मिशन सुरू केलं तेव्हा प्रत्येक गावात पाच बायांना किटवर पाणी तपासायला शिकवायचं ठरवलं. आपल्या गावातल्या त्या पाच बाया कोण, त्यांच्या हातात किट आहे का, त्यातलं औषध जुनं तर नाही, हे ग्रामसभेत विचारा. आणि नागपूरच्या नीरीला आपण सगळ्या गावांच्या सह्यांनी पत्र देणार आहोत: तुमच्याकडची जी काही नवी पट्टी असेल, चमकणारी असो की साधी, ती आमच्या बोरच्या पाण्यावर आमच्यासमोर लावून बघा. फसली तर आम्ही हसणार नाही. कुठं फसली तेवढं आम्हाला सांगा.

आता कामाचं. प्रत्येक गावातून दोन बाटल्या आणायच्या. एक ज्या हापशीवर जास्त घरं भरतात तिची, दुसरी जवळच्या विहिरीची. बाटली प्लॅस्टिकची, काचेची नको, काचेला फ्लोराईड चिकटतं. आधी त्याच पाण्यानं तीनदा विसळा, हापशी पाच मिनिटं चालवून मग भरा, झाकण घट्ट लावा. कागदावर लिहा: कुठली हापशी, खोली किती, किती घरं पितात. तुरटी टाकलेलं किंवा फिल्टरचं पाणी असेल तर तसं ठळक लिहा. बाटल्यांवर घराचं किंवा माणसाचं नाव नको, पोरींच्या सोयरिकीत दातांवरून बोलणी होतात हे आम्हाला ठाऊक आहे. किटवर पहिली तपासणी बायाच करतील, याच मांडवात, सगळ्यांसमोर. ज्या बाटलीत १ च्या वर दिसेल ती इलेक्ट्रोडच्या तपासणीला पाठवू आणि आलेला आकडा हापशीच्या ठिकाणासह पुढच्या अंकात छापू. ज्या पोडावर आम्ही हार घातला होता, तिथली बाटली आम्ही स्वतः भरून आणली आहे. पहिली नळी तिचीच लागेल.

रिकाम्या बाटल्या हव्या असतील त्यांनी मागच्या सतरंजीजवळून घ्याव्यात. आता कापसाच्या भावाकडे येऊ.